न प्यायलेलं पाणी

पुढे चाललेल्या टँकरचा मागचा नळ गळत होता. तापलेल्या डांबरावर पाण्याची काळी रेघ उमटायची आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळून जायची. चढणीवर पुढे काढायला जागा नव्हती, म्हणून मी व्हॅन त्याच्या मागोमाग ठेवली. आरशात पाहिलं, तर सगळ्यांचे डोळे त्या रेघेवर.

मी नगरपालिकेची व्हॅन चालवतो. मूत्रपिंडं निकामी झालेली आमच्या गावातली माणसं आठवड्यातून तीनदा कारुआरू शहरात डायलिसिससाठी न्यायची आणि परत आणायची. त्यांना पाणी मोजून मिळतं. फारच जीव कासावीस झाला, तर बर्फाचा खडा चोखायचा. आधीच आमचा मुलूख कोरडा, त्यात हे.

देओक्लेसिओ आजारी नव्हता. बायकोला, झुल्मीराला, सोबत म्हणून यायचा. बाजारात दोरीवर टांगून विकतात त्या पद्याच्या चोपड्या लिहिणारा हा कवी. राक्षस, राण्या, दरोडेखोर, सैतानाशी पैज लावणारे गुराखी. शनिवारी तो म्हणायला उभा राहिला की लोक भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ऐकायचे. पण झुल्मीराचं दुखणं सुरू झालं आणि त्याला ओळ सुचेनाशी झाली. खिडकीबाहेर बघत कुरकुरायचा, की या रस्त्यावर आहे काय लिहिण्यासारखं? निवडुंग, शेळ्या आणि पंक्चरवाला. अब्दियास नावाचा एकटा राहणारा, सोबतीशिवायच डायलिसिसला येणारा म्हातारा ट्रकवाला त्याला दर खेपेला डिवचायचा, काय कविराज, आज तरी राक्षस भेटला का?

त्या सकाळी मात्र अब्दियासही त्या रेघेकडेच बघत होता. मग झुल्मीरा हळूच बोलली.

"आईच्या घरी एक माठ होता. पहाटे उठून मी त्यात हात घालायचे. प्यायला नाही, नुसता गार लागावा म्हणून. आई ओरडायची."

मागच्या बाकावरच्या इरासीबाईंनी आपल्या सासरची विहीर सांगितली. नव्या नवरीला पहिली बादली कशी ओढायला लावली आणि ती कशी अर्धी अंगावरच सांडली. दुसऱ्या एकीने नदीतलं पाणी सांगितलं, ते तर आता नदीतही नाही. शेवटी अब्दियासने घसा खाकरला. एकदा भर दुपारी त्याचा ट्रक माळावर बंद पडला होता. कुठूनशी एक बाई आली आणि तिने भोपळ्याच्या तुंब्यातून त्याला पाणी दिलं.

"नाव विचारलं तिला," तो म्हणाला. "तर म्हणते, आधी पी."

देओक्लेसिओने खिडकीकडे पाठ केली होती. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत ऐकत होता.

"एवाल्दो," तो पुढे वाकून मला म्हणाला, "टँकरच्या पुढे जाऊ नकोस."

पुढच्या खेपेला त्याने सगळ्यांची परवानगी मागितली आणि चालत्या व्हॅनमध्ये, बाकाची दांडी धरून, म्हणायला लागला.

कोपऱ्यात आईचा ओलसर माठ,
तोंडावर फडक्याची सैलशी गाठ,
पोरीनं हात घातला, पाणी काठोकाठ,
कोपरापर्यंत चढली पहाट.

विहीर आली, नदी आली, माळावरची ती बाईही आली. मी वेग कधी कमी केला, मलाच कळलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, की आपण आजारी माणसांची ने-आण करतो. माझ्या पाठीशी विहिरी बसल्या होत्या, नद्या बसल्या होत्या, आणि मी आरशात फक्त सुजलेले चेहरे पाहत आलो होतो.

तो थांबला तेव्हा अब्दियास म्हणाला, "परत म्हण. घसा ओला झाला."

चोपडी छापून झाली. शनिवारी बाजारात लोक राक्षसाची गोष्ट ऐकायला जमले आणि ही ऐकू लागले. आधी एकाने हॅट काढली, मग दुसऱ्याने. समोरचा पाववाला गिऱ्हाईक सोडून उभाच राहिला. स्टुलावर बसलेली झुल्मीरा नवऱ्याकडे असं बघत होती, जणू आजच तो तिला मागणी घालायला आलाय. गर्दी पांगल्यावर ती त्याला म्हणाली, "इतकी वर्षं राण्यांच्या मागे फिरलास. आता आलास घरी."

ऑगस्टमध्ये ती गेली. आता देओक्लेसिओला व्हॅनमध्ये बसता येणार नव्हतं. आजारी माणूस आणि त्याची सोबत, एवढ्यांनाच जागा, असा नियम. तो निरोप घ्यायला थांब्यावर आला. स्वच्छ दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. पायरीपाशी उभं राहून प्रत्येकाचं नाव घेऊन बोलला.

अब्दियास सगळ्यांच्या शेवटी चढायचा, दांडी धरून, कुणाला हात लावू न देता. त्या दिवशी तो पायरीखालीच थांबला.

"एवाल्दो," त्याने मला सांगितलं, "यादीत माझ्या नावापुढे सोबत म्हणून याचं नाव घाल."

आणि कवीकडे न बघताच त्याने आपला हात पुढे केला, त्याच्या आधाराने चढण्यासाठी.