घरून खाऊन आलेला बाप

आशाबाईशी घटस्फोट झाला तेव्हा कोर्टानं कारभारीकडं बापपण ठेवलं, पण रविवारपुरतं. तो बजाजनगरहून क्रांती चौकात यायचा, हर्सूलहून मामा पोरीला आणून सोडायचा, आणि बापलेक समोरासमोर बसून फालूदा खायचे. सारजा अशी रविवारी रविवारीच वाढली. त्यामुळं बापानं आणलेला फ्रॉक कायम एक माप मागं असायचा.

आता सारजाचं शिक्षण संपलं होतं आणि मामानं, म्हणजे काकासाहेबांनी, स्थळ आणलं होतं. त्यांचा फोन आला. बायको गेली तरी 'दाजी' हे पद कारभारीकडं तहहयात होतं.

"दाजी, रविवारी पाहुणे येऊ लागले. पोरीचा बाप घरातच ऱ्हातो असं सांगून बसलोय. तेवढा वेळ ऱ्हावा."

"अन् कन्यादान?"

"हे नीट निभावलं तर तुम्ही. नाय तर मी हायेच."

रविवारी कारभारी सकाळीच हर्सूलला हजर झाला. तालीम कडक होती. त्याचे बूट लपवले, काकासाहेबांच्या झिजलेल्या चपला त्याच्या नावानं दारात मांडल्या. पंख्याचं बटण कोणतं, माठ कुठं, सगळं पाठ करून घेतलं. भिंतीवर लग्नाचा फोटो चढला. फोटोतला कारभारी हसत होता; पुढचं माहीत नसल्यावर माणूस हसतोच.

"खरं काय ते सांगू ना त्यांना," सारजा म्हणाली.

"तू गप. सुशिक्षित घराणं हाय, खरं चालत नाय," काकासाहेब म्हणाले.

पाहुणे आले. कारभारी झकास वठला. नळाला पाणी येत नाही म्हणून तो असा करवादला, की खऱ्या घरमालकानं त्याच्याकडं शिकवणी लावावी. मुलाचे वडील खूश झाले. काकासाहेबांचा हात मिशीकडं गेला.

मग आशाबाई पोहे घेऊन आल्या. पाहुण्यांना देऊन त्यांनी एक बशी कारभारीपुढं धरली. सकाळपासून ती आतच होती; इतक्या वर्षांनी समोर आली, तीही पोह्यांसकट. कारभारी अर्धवट उठला आणि अदबीनं म्हणाला, "नको नको, कशाला तरास? आत्ताच घरून खाऊन निघालो."

"घरून?" मुलाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला.

"शेतावरच्या घरून!" काकासाहेब धावले.

"बजाजनगरच्या," सारजा म्हणाली. "पप्पा तिथं राहतात. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून. पोहे घ्या ना, गार होतील."

पाहुण्यांनी पोहे संपवले, घराणं सुशिक्षितच होतं. मग 'कळवतो' म्हणून गेले.

"दाजी, जिंदगीत एकदा घरचं माणूस व्हायचं व्हतं, तेबी जमलं नाय! आता कन्यादानाला मीच."

बूट कुठं लपवलेत हे कुणी सांगेना. कारभारी काकासाहेबांच्या चपला घालून निघाला. फाटकाशी सारजानं स्कूटी काढली.

"बसा पप्पा. रविवार आहे."

क्रांती चौकात त्यानं सवयीनं दोन फालूदे सांगितले.

"एकच. मला चहा. फालूदा मला आवडत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग सांगायचं नाय व्हय?"

"तुम्ही लई खूश असायचात."

कारभारी चमच्यानं शेवया चाळवत बसला. "माझ्यापायी स्थळ गेलं. कन्यादानबी गेलं."

"स्थळ जाऊ द्या. कन्यादानाला तुम्हीच बसायचं, मामाला मी सांगते." सारजानं चहावर फुंकर मारली. "फक्त कन्यादान होईपर्यंत उपाशी राहावं लागतं. त्या दिवशी तरी घरून खाऊन येऊ नका."