मागून येणारं चित्र

पडद्यावर चौथ्यांदा तेच वाक्य आलं: हा सामना तुमच्या भागात दाखवता येणार नाही. मर्विन होलोवाटीने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. काच स्वच्छ झाली म्हणून वाक्य काही बदललं नाही.

"वर्षाचे पैसे घेताना नाही विचारलं, मी कुठल्या भागात राहतो ते," तो संगणकाला म्हणाला.

नॅडीन, त्याची बायको, ओट्याशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. नवरा गेली कित्येक वर्षं त्या डब्याशी बोलत आला होता आणि डब्याने एकदाही उत्तर दिलं नव्हतं, हे तिला पाठ झालं होतं.

या आइस हॉकीच्या सामन्यांची गंमतच अशी आहे. पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत सगळे संघ तुम्हाला दिसतील म्हणून वर्गणी भरायची, आणि नेमका जो बघायचाय तो त्या भागातल्या कुठल्यातरी वाहिनीने विकत घेतलेला असायचा. मग तिथल्या लोकांनी बघायचा आणि बाकीच्यांनी पडद्यावरचं वाक्य वाचायचं. एरवी मर्विनने दोन शिव्या हासडून दुसरा सामना लावला असता. पण आज त्या पाहुण्या संघाच्या बाकावर त्याचा मुलगा बसणार होता. कोल्बी होलोवाटी, वय सत्तावीस, मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा.

सात वर्षं कोल्बी खालच्या लीगमध्ये खेळत होता. टेक्सास, जॉर्जिया, जिथे बर्फ फक्त पेल्यात दिसतो अशा गावांतून. तिथले सामने मर्विनने कसे कसे पाहिले होते! सगळ्या मैदानाला एकच कॅमेरा, तोही खांबामागे. खेळायची रबरी चकती कोपऱ्यात गेली की खांबच दिसायचा. चित्र इतकं पुसट की शर्टावरचे आकडे वाचता यायचे नाहीत. तरी मर्विन आपलं पोर चालीवरून ओळखायचा. तो स्वतः त्यांच्या ड्राय फोर्क गावातल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, बर्फ राखायचं काम करतो, यंत्रावर बसून दर तासाला पाणी फिरवतो. बर्फावर कोण कसा पाय टाकतो हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

आणि कोल्बीचं काम काय, तर मारामारी. गोल करणारे वेगळे. आपल्या गोल करणाऱ्याला कोणी जास्त धक्काबुक्की केली, की हातमोजे फेकून त्याच्या अंगावर जायचं, हे कोल्बीचं काम. पंच बाजूला उभे राहतात आणि दोघांतला एक पडला की सोडवतात. लोक पैसे देऊन येतात त्यातले निम्मे यासाठीच येतात, आणि कबूल कोणी करत नाही.

शुक्रवारी त्याचा फोन आला होता. वरच्या संघातल्या एकाचा गुडघा गेला, रविवारी दुपारी ओटावात खेळायचंय. शनिवारी सकाळी पेट्रोल पंपावरच्या पाटीवरून डिझेलचा भाव उतरला आणि तिथे 'कोल्बी, सगळं गाव बघतंय' अशी अक्षरं चढली. हॉटेलवाल्या अर्नीच्या बारवर जुनी मोठी डिश होती, तिच्यावर कुठलीही वाहिनी लागायची. त्याने सगळ्यांना आवतण दिलं. मर्विन आणि नॅडीनसाठी पडद्यासमोरच्या दोन खुर्च्या राखून ठेवल्या.

मर्विन गेला नाही. बारमधला कलकलाट सोसत नाही, असं त्याने अर्नीला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी नॅडीन चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, वळायला गेली होती, तेव्हा कोल्बीचा फोन आला. आदल्या सामन्यात तो मागच्या मागे पडला होता आणि डोकं बर्फावर आपटलं होतं. तेव्हापासून उजेड डोळ्यांत टोचतो म्हणाला. घरासमोर गाडी लावली आणि यातलं आपलं घर कुठलं तेच आठवेना म्हणाला. संघाच्या डॉक्टरने चाचणी घेतली होती, त्यात तो पास झाला होता.

पास कसा झाला हे मर्विनला बरोबर माहीत होतं. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्तीची चाचणी होते. पुढे डोक्याला मार बसला की परत चाचणी घेतात आणि आधीच्या गुणांशी ताडून बघतात. तर पहिल्या वेळीच मुद्दाम थोडं चुकायचं. हे शहाणपण मर्विनला कोल्बीच्या लहानपणी, रिंकच्या बाकड्यांवर इतर बापांकडून मिळालं होतं, आणि बुटाची नाडी कशी आवळायची हे सांगावं तितक्या सहज त्याने ते मुलाला दिलं होतं. त्यामुळे डॉक्टरच्या लेखी कोल्बी मुळातच जरा मठ्ठ होता. मठ्ठ माणूस आणि डोकं हललेला माणूस यांचे गुण सारखेच येतात.

"बाबा, सांगून टाकू का डॉक्टरला?" कोल्बीने विचारलं होतं.

मर्विन म्हणाला होता, "वर कोणी जायबंदी झालं की आता तुझाच नंबर आहे. एवढं थांबलास, अजून थोडं थांब."

आणि दोन दिवसांनी कोल्बीने स्वतःच सांगितलं होतं की आता बरं वाटतंय. मर्विनने ते लगेच खरं मानलं. मानायचंच होतं त्याला.

रविवारी पडद्यावरचं ते वाक्य हटवायला शेवटी ओटावाला राहणारी त्याची भाची डॅना कामी आली. तिने फोनवर अर्धा तास त्याच्याकडून इकडचं बटण दाबवून घेतलं, तिकडचं दाबवून घेतलं, आणि मग म्हणाली, "झालं मामा. संगणकाच्या हिशेबाने तुमचं स्वयंपाकघर आता ओटावात आहे."

"तिकडे आमच्यापेक्षा थंडी कमी आहे ना? मग हीटर बंद करतो."

डॅना हसली. मग तिने बजावलं, की चित्र असं फिरून फिरून येणार म्हणजे मागे राहणार. अर्धं मिनिट, जास्तही. मर्विनला ते नवं नव्हतं. ड्राय फोर्कमध्ये याचा नियमच होता: सामना चालू असताना कोणी कोणाला फोन करायचा नाही. अर्नीच्या डिशवर गोल आधी होतो, इंटरनेटवाल्यांकडे नंतर. मागे एकाने शेजाऱ्याला गोलबद्दल शाबासकी द्यायला फोन केला, तेव्हा शेजाऱ्याकडे चकती अजून मैदानाच्या मध्यावर होती. दोघं महिनाभर बोलत नव्हते.

चित्र सुरू झालं तशी नॅडीनने हात पुसले.

"मी आत आहे," ती म्हणाली.

"आज तरी बघ. पहिलाच सामना आहे त्याचा."

"ऐकते ना मी."

ती मोबाइलवर संघाचा रेडिओ लावून कपडे धुण्याच्या खोलीत इस्त्री करत बसायची. पोरगा धंद्याने मारामारी करायला लागल्यापासून तिची हीच पद्धत होती. ऐकताना रक्त दिसत नाही, असं ती म्हणायची.

मग पडद्यावर कोल्बी आला. इथल्या बारा कॅमेऱ्यांतला एक थेट त्याच्या चेहऱ्यावर गेला. हनुवटीवरचा जुना व्रण, नाकाचं वाकडं हाड, सगळं लख्ख. समालोचकाने होलोवाटी या आडनावाची पार वाट लावली. पहिल्या भागात कोल्बी दोनदा बर्फावर उतरला, एकाला त्याने कडेच्या फळीवर असा दाबला की फळी थरथरली, आणि परत बाकावर येऊन बसला. बस, एवढंच. पण त्या वेळात मर्विन सुखी होता. पोरगं ठीक आहे, आपण उगाच घाबरलो, असं त्याला वाटलं आणि भूकही लागली.

दुसऱ्या भागाला सुरुवात होऊन थोडाच वेळ झाला होता. कोल्बी बाकावर बसून पाणी पीत होता. शेजारचा काहीतरी बोलला आणि कोल्बी हसला. मर्विनही हसला.

आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला.

नॅडीन दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात उशीचा अर्धवट इस्त्री केलेला अभ्रा होता. मर्विनने वळून तिच्याकडे पाहिलं.

"मार्व, बंद कर ते."

पडद्यावर कोल्बीने बाटली खाली ठेवली.

"पडला?"

"उठत नाहीये."

पडद्यावर कोल्बी उठला. एक पाय फळीवरून टाकला, मग दुसरा, आणि बर्फावर उतरला. काय डौलदार उतरला! मर्विनला वाटलं, ओरडून त्याला सांगावं, परत फिर. समोर तर होता तो. पण तो तिथे नव्हताच. जो होता तो कधीच पडला होता, अर्नीच्या बारमध्ये सगळ्या गावाने ते पाहिलं होतं, आणि एकटा बाप अजून त्याला उभा बघत होता.

"मला सांगितलं होतं त्याने," मर्विन म्हणाला.

"काय?"

"डोक्याचं. उजेड सोसत नाही म्हणाला. घर आठवेना म्हणाला. तीन आठवडे झाले." पडद्यावरून त्याची नजर हटत नव्हती. "डॉक्टरला सांगू का म्हणत होता. मीच म्हटलं, थांब."

खुर्चीची पाठ धरून नॅडीन उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने पडद्याकडे पाहिलं. कोल्बीने हातमोजे झटकले. समोरच्यानेही झटकले. दोघांनी एकमेकांचे शर्ट धरले. पहिला ठोसा कोल्बीचाच होता. मग समोरच्याचा एक, फार जोराचाही नाही, असले त्याने शेकड्यांनी खाल्ले होते. पण कोल्बीचे हात अचानक खाली आले. जणू त्याला आपण इथे कशाला आलोय तेच आठवेना. हेल्मेट आधीच निघालं होतं. तो तोंडावर पडला, हात पुढे न करता.

समालोचक गप्प झाले. मैदान गप्प झालं. त्या दिवशी होलोवाटींच्या घरी गावातून एकही फोन आला नाही. नियम म्हणून की बोलायचं काय म्हणून, कोण जाणे.

मार्च उजाडला तेव्हा कोल्बी घरी होता, आपल्या लहानपणीच्या खोलीत. खिडकीवर नॅडीनने पडद्याच्या आतून घोंगडी ठोकली होती. उजेड चालत नव्हता, मोठा आवाज चालत नव्हता, मोबाइलचा पडदा तर क्षणभरही नाही. काही शब्द त्याला सापडायचे नाहीत, मग तो बोटांनी हवेत काहीतरी दाखवायचा आणि नॅडीन तिला सुचेल तो शब्द पुढे करायची. डॉक्टर म्हणत होते, बघू. सुरुवातीला ते महिन्यांचं बोलायचे, आता नुसतंच बघू म्हणायचे.

नॅडीन मर्विनला कधी ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. औषधाच्या वेळा आणि जेवण, एवढंच ती त्याच्याशी बोलायची. एकदाच, भांडी विसळताना, पाठ न वळवता म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते माहीत होतं तुला. म्हणून नाही विचारलंस." मर्विनने मान हलवली. तिने ती पाहिलीही नाही.

एका रविवारी दुपारी कोल्बीच्या त्याच संघाचा सामना होता. या वेळी तो त्यांच्या भागात दिसत होता, ओटावात असल्याचं सोंग करावं लागलं नाही. कोल्बीने सकाळीच विचारलं होतं, म्हणून मर्विनने आवाज बंद करून तो लावला. पहिला भाग संपल्यावर तो पाय न वाजवता खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला. हळू आवाजात त्याने सगळं सांगितलं, कोणी गोल केला, कोण चुकला, बर्फ कसा मऊ पडला होता आणि चकती कशी उसळत होती. कोल्बी डोळे मिटून ऐकत होता.

"बाबा," तो म्हणाला. पुढचा शब्द यायला वेळ लागला. "माझ्या जागी कोण?"

मर्विनने त्याला नुकतंच पाहिलं होतं. एकवीस वर्षांचं दांडगं पोर, गालांवर अजून लाली असलेलं. पहिल्या दहा मिनिटांतच हातमोजे फेकले होते त्याने, आणि समोरच्याला लोळवलं होतं. सगळे लोक उभे राहिले होते. बाकावर परतल्यावर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

"कोणी नाही," मर्विन म्हणाला. "रिकामीच ठेवलीये त्यांनी."

बाकावरची जागा कोणी कोणासाठी रिकामी ठेवत नसतं. एकाचा गुडघा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्बीलाच तर ती मिळाली होती, आणि एवढं त्याच्या डोक्यात अजून शाबूत होतं. मग अंधारात त्याने हात पुढे केला, चाचपडत बापाचं मनगट शोधलं, आणि दोनदा थोपटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "जा तू. दुसरा भाग सुरू झाला असेल."