मशीनचा हात

आर्वीच्या बाजारात गोपिकाबाईंच्या सांभाराचं नाव होतं. पुण्याकडचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बिचारे. वैशाखात संध्याकाळी उपटलेला सांभार सकाळपर्यंत ताठ ठेवायचा तर थंड जागा पाहिजे, आणि घरात थंड जागा एकच, उत्तरेची खोली. जाड मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. त्या खोलीत मात्र चौदा मशिनी हवा खात बसल्या होत्या.

मशिनी तरी कशाच्या? ना पाणी ओढणाऱ्या, ना पीठ दळणाऱ्या. बुद्धिबळ खेळणाऱ्या! चाळीस वर्षांमागे विलायतेत बनलेल्या आणि तिथल्या लोकांनी अडगळीत फेकलेल्या. गोपिकाबाईंचे धाकटे दीर प्रभाकरराव एसटीतून कारकून म्हणून रिटायर झाले आणि लोक देवळात जातात तसे अशा मशिनी सोडवायला कुरिअरच्या दुकानात जाऊ लागले. उन्हानं प्लास्टिक वाकतं, म्हणून मशिनींना थंड खोली. सांभार पडवीत, ओल्या गोणपाटाखाली, पिवळा पडत.

त्या दिवशी अर्ध्या जुड्या तशाच परत आल्या. गोपिकाबाईंनी टोपली प्रभाकररावांच्या पायापाशी आपटली.

"प्रभाकर, खोली खाली कर."

"वयनी, ह्या जुन्या चीजा आहेत. अख्ख्या विदर्भात कोणापाशी नाईत."

"पायातला नारू बी आता कोणापाशी नाई. म्हून काय शोधून आणून पाळाचा?"

सून उज्वला पदर तोंडाला लावून आत पळाली. ते हसणं प्रभाकररावांना झोंबलं.

"यातल्या एका मशीनीले हरवून दाखवा. खोली तुमची."

"अन् मी हरली तर?"

"तर पुन्हा खोलीचं नाव नाई काढाचं."

गोपिकाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या, पण बुद्धिबळ त्यांना बाप चंद्रभान यांनी ओसरीवर कोळशाच्या रेघा मारून शिकवलं होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा प्रभाकर नऊ वर्षांचा होता, नाक ओढणारा. त्याला घोडा कसा उडतो ते त्यांनीच दाखवलं. तोच आता त्यांना नियम समजावून सांगत होता.

"प्यादं पहिल्या चालीले दोन घरं जाऊ शकते. अन् राजा घोड्यासारखा उडत नाई."

"एकदाबी नाई?"

"नाई."

"मंग राजा कायचा, चपराशी."

उचलायचं घर बोटानं दाबायचं, ठेवायचं घर दाबायचं, म्हणजे मशीनला कळतं. तिची चाल आली की पटाच्या कडेला लाल दिवे लागायचे, आणि प्रभाकरराव तिच्या वतीनं सोंगटी हलवायचे.

"हिले हात बी नाईत?" गोपिकाबाई म्हणाल्या. "राणीसायेब बसल्या, अन् नोकर कामाले."

मशीन खेळाच्या सगळ्यात अवघड पायरीवर लावली होती. एकेका चालीला अर्धा-अर्धा तास.

"विचार करून राह्यली," प्रभाकरराव अदबीनं म्हणाले, जणू आत कोणी बाळंत होत होतं.

"करू दे. एवढ्या वेळात माह्या चाळीस जुड्या बांधून होतात." आणि त्या खरंच बांधत बसल्या. दिवे लागले की मातीचं बोट लुगड्याला पुसायचं, घर दाबायचं, पुन्हा जुडी. त्यांना त्या डब्याची कीव येत होती. प्यादं दिसलं की खायचं, मागं काय जळतंय ते पाहायचं नाही. मशीन हावरट पाहुणीसारखी खेळत होती.

तरी दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा अवघड वेळ आली. मशीनचा हत्ती पुढच्या चालीला गोपिकाबाईंच्या राजावर मात करणार होता. पण त्यांचं एक प्यादं घोड्याच्या रांगेतून शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी पोचलं होतं. बापाचा नियम साधा होता: प्यादं ज्या सोंगटीच्या घरात पोचतं, तीच सोंगटी बनतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. इथं घोडा झाला की मशीनच्या राजाला शह, आणि पळायला एक घर नाही.

त्यांनी शेवटचं घर दाबलं, प्यादं काढून घोडा ठेवला आणि जुड्यांकडे वळल्या.

"झाली मात. उचल तुह्या मशिनी."

पण मशीननं एक टिक् आवाज केला आणि दिवे लागले. हत्तीचे. शह दिल्यासारखं तिनं काही मानलंच नव्हतं.

"ही आंधळी आहे काय? राजा मरून राह्यला अन् हत्ती हलवते!"

प्रभाकररावांचा हत्तीवर हात, पण हात उचलेना. गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांचा असताना गुळाचा खडा चोरून तो असाच उभा राहायचा.

"बोल."

"मशीनीनं वजीर धरला, वयनी. वजिराचा शह बसत नाई तिथून. तिच्या हिशेबानं तुमी हरल्या."

"वजीर कोणी मांगला तिले?"

"आपण नाई सांगितलं तर ती वजीरच धरते. घोडा पाहिजे असला तर..." त्यांनी पटाच्या कडेचं एक बटण दाखवलं. त्यावर घोड्याचं चित्र होतं. "हे दाबा लागते."

"तुले मालूम होतं मी घोडा करणार म्हून?"

"तीन चालीपासून."

"अन् तू तोंड शिवून बसला."

"चाल मागं घेता येते, वयनी. त्याचंबी बटण आहे."

"थुंकलेलं चाटाचं बी बटण ठेवलं काय त्यायनं? मी नाई दाबत. हलव हत्ती."

"वयनी..."

"हलव! मशीनीचं काई चुकलं नाई. तिले तोंडच नाई. तोंड तुले होतं."

प्रभाकररावांनी हत्ती हलवला. मशीननं जिंकल्याची एक बारीक धून वाजवली, यात्रेतल्या पिपाणीसारखी. गोपिकाबाईंनी जुड्या टोपलीत भरल्या, पडवीत नेल्या, गोणपाट पिळून वर टाकलं. शब्द दिला होता. खोलीचं नाव काढलं नाही.

दिवस मावळायच्या आत खोलीतून सामान सरकवल्याचे आवाज येऊ लागले. प्रभाकरराव एकेक डबा पोटाशी धरून आपल्या पत्र्याच्या खोलीत नेत होते, जिथे दुपारी माणूसही वितळावं. चौदा फेऱ्या झाल्या. गोपिकाबाई एकही डबा धरू लागल्या नाहीत. शेवटी ते पडवीत येऊन उभे राहिले.

"खोली रिकामी झाली, वयनी."

"काऊन? हरली न मी?"

"नाई."

"मोठ्यानं सांग. उज्वलेले ऐकू जाऊ दे."

"घोड्यानं मात झालती. तुमी जिंकल्या."

गोपिकाबाईंनी टोपली उचलली, ती त्यांच्या हातात दिली आणि खोलीकडे बोट केलं.

"नेऊन ठेव. अन् पाहाटे जुड्या गाडीवर चढवाले येजो. मशीनीले हात नाईत. तुले तं आहेत."