कासिमिराबाईंचा नवा मदरबोर्ड

सूड माणसाला उंचावर नेतो, असं कासिमिराबाईंचं ठाम मत होतं. बोलिव्हियातलं ला पाझ मुळातच साडेतीन हजार मीटर उंचावर असल्यामुळे तिथे सूड घेणाऱ्याला आधी दम लागतो, एवढीच अडचण.

न्यायालयामागच्या गल्लीत बाई लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. शेजारच्या टपरीत फ्रोइलानचाही तोच धंदा. नोव्हेंबरात, मेलेल्यांसाठी बाळाच्या आकाराचे पाव मांडतात त्या दिवशी, त्याने तसला एक पाव आणला आणि भर गिऱ्हाइकांत बाईंच्या जुनाट कॉम्प्युटरवर ठेवला.

"लवकर गेला हो, ताई! म्हणजे, तसा उशिराच गेला."

गल्ली पोट धरधरून हसली. बाईंचं नाव 'विधवा' पडलं. गिऱ्हाइकं त्यांचं सांत्वन करायची आणि अर्ज फ्रोइलानकडून लिहून घ्यायची.

बाईंनी पाव कॉफीत बुडवून खाल्ला आणि फेब्रुवारीअखेरच्या कार्निव्हलपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. शेजारच्या एल आल्तो शहराच्या बाजारातून नवा मदरबोर्ड आणला, घरी स्वतःच्या हातांनी बसवला, भावाच्या टीव्हीला जोडून चालू होतो एवढं पाहिलं. कॉम्प्युटरची पेटी मात्र तीच ठेवली, पिवळी पडलेली. शत्रूला सुगावा नको.

कार्निव्हलच्या मंगळवारी सगळे आपापल्या टपऱ्यांना रंगीत कागद गुंडाळून धरणीमातेच्या नावाने दारू शिंपडत होते. बाईंनी चार थेंब जमिनीवर टाकले.

"पेटीत नाही का ओतणार, ताई?" फ्रोइलानने विचारलं.

"धरणी एक आई, मदरबोर्ड दुसरी. दोघींना एका पेल्यात बसवू नये."

बेत पक्का होता. फ्रोइलानच्या यंत्राची शोकपत्रिका सर्वांदेखत टाइप करायची, छापायची आणि त्याच्याच टपरीवर डकवायची. मजकूर भांडी घासताना रोज म्हणून पाठ झालेला.

बाईंनी बटण दाबलं. आठ सेकंदांत पडदा लख्ख उजळला. पूर्वी एवढ्या वेळात नुसता पंखा खोकायचा.

"अगं बाई, विधवेचा नवरा उठला!" कुणीतरी ओरडलं. फ्रोइलानचा पेला ओठांपाशीच थांबला. चार महिन्यांत बाईंना इतकं गोड काही दिसलं नव्हतं.

मग त्यांनी ऐटीत आपल्या जुन्या कीबोर्डची वायर उचलली. तिचं टोक गोल. नव्या बोर्डाची सगळी भोकं चपटी. बाईंनी दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, एक शिवी हासडून पाहिली. दुकानं सणाची बंद. चपट्या टोकाचा कीबोर्ड अख्ख्या गल्लीत एकच होता.

बाईंनी पदराने, म्हणजे शालीच्या टोकाने, कपाळ पुसलं.

"फ्रोइलानभाऊ," त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं तुमचा कीबोर्ड देता का? एक छोटंसं पत्र लिहायचंय."