शेवाळीला हिरवं म्हणतात का

माझ्या लेकीचं, नूपुरचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि मी सकाळपासून एकच साडी नेसत होते नि सोडत होते. कूलरसमोर उभी राहूनही घामाच्या धारा. जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

साडी शेवाळी होती. माझा नवरा सुमंत गेल्यापासून मी हिरवं अंगाला लावलं नव्हतं. कोणी बंदी घातली नव्हती म्हणा. आजकाल असं तोंडावर कोणी म्हणत नाही, नजरेनं म्हणतात. म्हणून बर्डीच्या बाजारात जाऊन मी दुकानदाराचा जीव खाल्ला. गर्द नको, पोपटी नको, पण हिरवं हवं. शेवटी त्यानं वैतागून ही काढली. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा रंग. कोणी नाक मुरडलंच तर म्हणता येईल, अहो, ही तर राखाडी.

मी कॉलेजात मराठी शिकवते. कवितेत हिरवा कशाचं प्रतीक, असं विचारलं की मुलं धडाधड लिहितात : समृद्धी, सौभाग्य, नवी पालवी. मीही गुण देऊन टाकते. शेवाळीवर कोणी प्रश्न काढत नाही. चुडा हिरवा, रान हिरवं, आणि शेवाळ आलं की एकतर पाय घसरतो नाहीतर विहीर पडकी असते. तेच नेसून मी मुलीच्या चुड्याला बसणार होते. शहाणीच मी!

आमच्या घरची रीत अशी, की कासार आधी आईच्या हातात हिरव्या बांगड्या भरतो, मग नवरीच्या. आई नसली, किंवा माझ्यासारखी असली, तर आत्या बसते. माझ्या थोरल्या नणंदबाई, हर्षाताई, त्यासाठीच काटोलहून आल्या होत्या. वाईट नाहीत हो त्या. सुमंतच्या आजारपणात दवाखान्यातली जागरणं त्यांनीच केली. म्हणून तर मला तोंड उघडता येत नव्हतं. पण नूपुरजवळच्या माझ्या जागेवर दुसरं कोणी बसावं, हे मला सहन होत नव्हतं. अजिबात होत नव्हतं.

इतवारीतले गिरिधर कासार आले, सतरंजीवर पेटी उघडून बसले. नूपुर म्हणाली, "आई, इथं बस नं." मी तळ्यात-मळ्यात करत तिच्याशेजारी टेकले.

गिरिधरनी माझ्या साडीकडे पाहिलं. "नवरीची आई का?"

मी मान हलवली. त्यांनी सरळ माझा हात धरला आणि बोटं चेपायला सुरुवात केली. जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी हात सोडवून घेतला नाही.

"अवो, थांबा!" हर्षाताई म्हणाल्या. "तिले नाही भराच्या. माहा भाऊ नाही राहिला. आत्या मी आहो, माह्या हातात भरा."

गिरिधर बिचारे ओशाळले. "माफ करा बाई. साडी हिरवी दिसली, म्हून वाटलं मले." मग सावरून घ्यायला त्यांनी पेटीच्या तळातून मळकट हिरव्या बांगड्या काढल्या, थेट माझ्या साडीच्या रंगाच्या. "ह्या घ्या. ह्या कोणालेही चालतात."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हर्षाताईंना तर मनापासून आनंद झाला. "हे बेस झालं! साडीवर शोभून राहिल्या, पाह्य. लतिका, तू ह्या घाल, मान मी घेते. रीतही राहिली अन् तुलेही वाईट नाही वाटलं."

दगडापेक्षा वीट मऊ. ही तोड काढली होती कोणी? मीच, बर्डीच्या दुकानात. पण दुसऱ्याच्या हातून ती पुढे आली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काहून?" मी म्हणाले. वर्गातली मराठी कुठल्या कुठे पळाली. "हिरव्या नाही, त हिरव्यासारख्या? मी नूपुरची आई आहो, का आईसारखी आहो?"

नूपुरनं माझा पदर घट्ट धरला होता.

"गर्द काढा," मी गिरिधरना म्हणाले.

त्यांनी हर्षाताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गर्द काढल्या. माझ्या हाताची सवय गेली होती. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात हर्षाताई उठून आत गेल्या. झालं, मला वाटलं, आता बॅग भरतील.

त्या साबण आणि पाण्याची वाटी घेऊन आल्या. माझ्यासमोर बसल्या, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि फेस चोळत म्हणाल्या, "सैल सोड वं हात. इतकी ताठ राहिली, त कशी चढंल?"