मोजणी जुळेपर्यंत

प्रेमलताबाईंनी स्टीलच्या मगात कोमट पाणी घेतलं, त्यात आयोडीनच्या तपकिरी औषधाचं एक झाकण ओतलं आणि रंग कोऱ्या चहासारखा होईपर्यंत चमच्यानं ढवळलं. तो मग बाथरूममधल्या स्टुलावर ठेवला. शेजारी धुतलेल्या फडक्यावर उकळून काढलेली रबरी पिचकारी ठेवली. एक पाऊल मागे सरकून त्यांनी सगळ्यावर नजर फिरवली. रामदासपेठेतल्या एका नर्सिंग होममध्ये एकतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. ट्रॉली लावून झाली की त्यांची नजर अशीच फिरायची.

"वेदिका, झालं वं पाणी."

सून केस बांधत आली.

"आई, आज फक्त स्वॅबचा रिपोर्ट सांगणार आहेत. तपासणी नाही."

"अन् तपासतो म्हटलं तर? पेशंट तयार करूनच पाठवावा लागते."

वेदिकानं दार लावून घेतलं. पाणी पडल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं रिकामा मग बाहेर आला. मोरीच्या जाळीवर तपकिरी ओघळ राहिला होता. सांडलं असेल, म्हणत प्रेमलताबाईंनी त्यावर तांब्याभर पाणी टाकलं.

दोनदा वेदिकाच्या गर्भाशयात गर्भ सोडून झाला होता. दोन्ही वेळा चौदाव्या दिवशीच्या रक्ततपासणीनं नकार दिला. आता क्लिनिकच्या थंड टाकीत एकच गर्भ शिल्लक होता. वेदिका अडतीसची. मागच्या खेपेला सगळी इंजेक्शनं सोसूनही मोजून तीन बीजं हाती लागली होती. पुन्हा तो फेरा नको, असं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, विहंगनं ठरवलं होतं. हा शेवटचा, हे घरात कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेमलताबाईंच्या हिशेबी अपयश म्हणजे कुठंतरी स्वच्छता कमी पडली. पहिल्या वेळी त्यांनी आदल्या दिवशी आतून धुवायला लावलं होतं. दुसऱ्या वेळी पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ.

आजवर क्लिनिकला विहंग बरोबर जायचा. आज मौद्याच्या वीज केंद्रात त्याची सकाळची ड्यूटी होती, म्हणून त्या निघाल्या.

आत शिरल्याबरोबर डॉक्टर खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"प्रेमलता सिस्टर? तुम्ही इकडे कुठं?"

"ही माही सून. तू रितिका ना?"

"हो! बसा ना, सिस्टर." रितिका वेदिकाकडे वळली. "माझ्या पहिल्याच केसला यांनी मला तीनदा हात धुवायला परत पाठवलं होतं."

"चौथ्यांदा बी पाठवणार होती. सर ओरडले म्हणून सोडली तुले."

तिघीही हसल्या. मग रितिकानं रिपोर्टचा कागद त्यांच्याकडे फिरवला.

"योनीमार्गात चांगले जंतू असतात, लॅक्टोबॅसिलस. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच. ते जागा आंबट ठेवतात, म्हणून बाकीचे तिथं ठाण मांडत नाहीत. पुष्कळ बायकांत यांचंच राज्य असतं, ऐंशी-नव्वद टक्के. वेदिका, तुमच्यात चार टक्के आहेत."

"चांगले जंतू," प्रेमलताबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी जंतू या शब्दाला असं विशेषण कधी लावलं नव्हतं.

"हे कमी असले की गर्भ रुजायचं प्रमाण कमी दिसतं, असं काही अभ्यासांत आलंय. काहींत नाही. पण आपल्याकडे एकच गर्भ आहे, तर मला हे दुरुस्त करूनच पुढं जायचंय." तिनं केस पेपर ओढला. "एवढ्यात अँटिबायोटिक घेतलं होतं?"

"नाही."

"आतून धुणं, वॉश, एखादं औषध?"

वेदिका टेबलाच्या कडेकडे बघत होती.

"नाही. कधीच नाही."

रितिकानं ते लिहिलं. प्रेमलताबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान वर केली नाही.

"मग हे मुळातच असं दिसतंय. थोडे नको ते जंतूही आहेत. आधी अँटिबायोटिकचा कोर्स देते, मग बघू."

रितिका औषधाचं नाव लिहू लागली. प्रेमलताबाईंचा हात पर्सच्या चेनवर होता. चेन त्यांनी उघडली, बंद केली. एकदा पोटाचं ऑपरेशन संपत आलं असताना रक्त टिपायच्या कापडी घड्या मोजताना एक कमी भरली होती. सर म्हणाले, सिस्टर, मोजण्यात चूक झाली असेल, मी शिवतो. त्या म्हणाल्या होत्या, काउंट जुळत नाही, पोट बंद करायचं नाही. अकरा मिनिटं शोधाशोध चालली. घडी आतड्यामागं सापडली. समोर जखमेची कड हुकानं ओढून धरून उभी असलेली शिकाऊ डॉक्टर रितिकाच होती.

त्यांनी पुढं झुकून केस पेपरवर तळहात ठेवला.

"बंद करू नको, रितिका. काउंट जुळत नाही."

रितिकाचं पेन थांबलं. ती खुर्चीत सरळ झाली.

"मी धुवायला लावत होती हिले. आयोडीनचं पाणी, पिचकारीनं, आतून. पहिल्या खेपेले आदल्या दिवशी. दुसऱ्या खेपेले पाच दिवस, दोन टाइम. त्याच्यानंतर बी, जवा जवा इथं यायचं राहे तवा. लिही."

"आई—" वेदिका म्हणाली.

"सिस्टर, हे बघा—"

"लिही आधी. मग बोल."

रितिकानं 'नाही' खोडून सगळं लिहिलं, तारखा विचारून घेतल्या. मग पेन ठेवलं.

"ते दोन्ही गर्भ यामुळंच गेले, असं मी म्हणणार नाही. कोणालाच म्हणता येणार नाही."

"ते तुहं काम. मी झालं ते सांगतलं."

रितिकानं अँटिबायोटिकच्या नावावर रेघ मारली.

"मग सध्या काही मारायचं नाही. जागा धुऊन धुऊन ओस पडलीय, म्हणून बाकीचे शिरलेत. धुणं पूर्ण बंद. लॅक्टोबॅसिलसच्याच गोळ्या देते, आत ठेवायच्या. दोन महिने थांबू आणि पुन्हा स्वॅब घेऊ. घाई नाही, गर्भ टाकीत सुरक्षित आहे."

परतताना ऑटोत प्रेमलताबाई सुनेकडे वळल्या.

"खोटं काहून बोलली वं?"

"मॅडम तुम्हाला पाहून उठून उभ्या राहिल्या. मला ते बिघडवायचं नव्हतं." वेदिकानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि पंधरा दिवसांपासून मी ते पाणी मोरीत ओततेय, आई. सॅम्पल घ्यायच्या आधी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस आत काही वापरू नका. तेव्हाच खटकलं. म्हणजे अर्धं खरंच होतं."

शंकरनगर चौकात सिग्नल लागला.

"अर्धा काउंट नसते वं," प्रेमलताबाई म्हणाल्या. सिग्नल सुटल्यावर पुन्हा म्हणाल्या, "मले सांगायले काय झालं होतं? खाल्लं असतं काय तुले?"

"हो."

ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं. मागे सासू-सून दोघी हसत होत्या.

दोन महिन्यांनी स्वॅबचा रिपोर्ट आला. चाराचे त्र्याऐंशी झाले होते. प्रेमलताबाईंनी कागद स्वतः वाचला, मागून-पुढून पाहिला आणि फाइलला लावला.

गर्भ सोडायच्या दिवशी त्या पहाटे साडेपाचला उठल्या. सवयीनं गॅसवर पाणी ठेवलं. ते कोमट झालं तेव्हा क्षणभर हातात काही नसल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग त्यातच आलं किसलं, चहापत्ती टाकली आणि गॅस मोठा केला. बाथरूममधल्या स्टुलावर आता विहंगचे कपडे असायचे.

क्लिनिकमध्ये थिएटरच्या दाराबाहेर बाक होता. असल्या दाराच्या या बाजूला बसायची प्रेमलताबाईंची ही पहिलीच वेळ. शेजारी विहंग मोबाइल उलटा-सुलटा करत होता. हिरव्या गाऊनमधली वेदिका दाराशी उभी होती आणि एक तरुण सिस्टर फॉर्म भरून घेत होती.

"नाव, जन्मतारीख बरोबर? लघवी साठलेली आहे ना?"

"हो."

"घरी आतून धुणं, औषध, काही वापरलं?"

"नाही," वेदिका म्हणाली.

सिस्टरनं पेन टेकवलं नाही. फाइलचं आधीचं पान उलटून तिनं तिथली खाडाखोड पाहिली, मग वेदिकाकडे पाहिलं.

"नक्की?"

वेदिकानं बाकाकडे पाहिलं. प्रेमलताबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"लिहा, सिस्टर," त्या म्हणाल्या. "काउंट बरोबर आहे."