उलटा धरलेला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. नरसाळे नाही! हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यातला निम्मा गोंधळ त्यावरूनच झाला. मी एका बाजूला निमुळता, दुसऱ्या बाजूला ऐसपैस, आणि मध्ये धरायला एक मूठ. निमुळत्या बाजूला तोंड लावून बोललात की आवाज थेट पलीकडच्या टोकाला. मला ना सेल लागत, ना वीज. फक्त एक माणूस लागतो, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तेलाचा रिकामा डबा कापून, वाकवून, ठोकून ठोकून त्याने मला घडवले. डब्याची छापील बाजू आत गेली, त्यामुळे माझ्या पोटात आजही अर्धे पिवळे सूर्यफूल आहे. पत्रेवाल्याची बायको हळहळली होती, "अहो, फूल बाहेर ठेवायचं ना! आत कोण बघणार आहे?"

"ज्याला दिसायचं त्याला दिसेल," असे म्हणून त्याने माझी कड दुमडली आणि मला विकायला टांगले.

तिथून मी एका शाळेत आलो. काय दिवस होते ते! खेळाचे सर मला तोंडाला लावून "सावधाऽऽन!" म्हणाले की मैदानावरच्या चिमण्यासुद्धा सरळ उभ्या राहत, असे मला आपले वाटे. स्पर्धांच्या दिवशी सर मला चिंचेने घासून लख्ख करत. मुले मला हात लावायला भांडत. मग एके दिवशी विजेवर चालणारा मोठा भोंगा आला, आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तेही एक वेळ चालले असते. पण शिपाईमामांना माझा आकार आवडला. फिनेलच्या बाटल्या भरायला त्यांनी मला नरसाळे केले! मैदान गाजवणारा मी, आता बाटलीत तोंड खुपसून उभा. तो वास नाकातून, म्हणजे मला नाक असते तर नाकातून, कधी गेलाच नाही.

मग ते वादळ झाले. शाळेभोवतीच्या वस्तीचे पत्रे उडाले, घराघरांत पाणी शिरले, वीज गेली, मोबाईलचा मनोरा आडवा झाला. 'सुरक्षित ठिकाणी जा' हा निरोप लोकांच्या फोनवर आला तेव्हा पाणी ओसरून चिखल सुकत आला होता. लोक हसले, पण ते हसू काही खरे नव्हते.

पुढचे वादळ येणारच, मग आपण वाट बघत बसायचे का, असे म्हणून शिवणकाम करणाऱ्या आत्यांनी शाळेच्या हॉलमध्ये वस्तीची बैठक बोलावली. आत्या तशा एकाच मुलीच्या सख्ख्या आत्या, पण सगळी वस्ती त्यांना आत्याच म्हणे. नगरपालिकेच्या इंजिनिअर बाईही आल्या. हळूहळू कामे ठरली, आणि नवल म्हणजे ती झालीसुद्धा. गटारे उपसली. अंगणातले सिमेंट फोडून पाणी मुरायला जागा केली. खोल मुळे धरणारी झाडे लावली. पत्रे तारांनी आवळून बांधले. वादळात कोणी कोणाला घराबाहेर काढायचे, तेही ठरले.

"पण वीज गेली तर हाक कशी मारायची?" आत्यांनी विचारले.

तेव्हा त्यांची भाची धावत अडगळीच्या खोलीत गेली आणि मला घेऊन आली. तिला सगळे टिटवी म्हणत, कारण तिचा आवाज! वर्गात, घरात, रस्त्यात, जो तो तिला एकच सांगे, "हळू बोल गं!"

"आत्या, हा बघ! याला वीजच लागत नाही!"

"अगं, ते फिनेलचं नरसाळं आहे," शिपाईमामा म्हणाले.

टिटवीने मला तोंडाला लावले, आधी एक सणसणीत शिंक दिली, आणि मग अशी हाक मारली की मागच्या रांगेत डुलकी काढणारे रिक्षावाले काका ताडकन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला म्हणाले, "अजून मोठ्यानं!"

मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा कामाला लागलो आणि टिटवी पहिल्यांदाच.

पुढच्या रविवारी सराव होता. टिटवी चौकात उभी राहून माझ्यातून ओरडली, "सगळे वर चलाऽऽ!" वर म्हणजे शाळेच्या वरच्या मजल्यावर. पण झाले भलतेच. निम्मे लोक शाळेत गेले आणि निम्मे वरच्या गल्लीत! तिथे दारातच घड्याळवाले आजोबा उभे होते. घड्याळे दुरुस्त करणारे हे आजोबा एकटेच राहत आणि त्यांना फारच कमी ऐकू येई. एवढी गर्दी बघून ते खूश झाले. कोणीतरी बोटाने 'वर' अशी खूण केली, तसे ते म्हणाले, "या, या! मी तर वरच राहतो, मला कुठं जायचंय?"

सगळे खो खो हसले. टिटवीही हसली. मग कोण जाणे काय सुचले, तिने चौकात बादलीभर पाणी ओतले. पाणी जरासे घुटमळले आणि सरळ वरच्या गल्लीत निघाले, आजोबांच्या उंबऱ्यापर्यंत. हसणे थांबले. चौकातल्या भिंतीवर रंगवलेल्या जुन्या नकाशात ती गल्ली सगळ्यात वर काढलेली होती, म्हणून वरची. प्रत्यक्षात वस्तीतली सगळ्यात खोलगट जागा तीच! गेल्या वादळात पाणी सगळीकडेच शिरले, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"म्हणजे 'वर' हा शब्दच बाद," इंजिनिअर बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

तेव्हा नवा शब्द ठरला: जिना. जिना वस्तीत एकच, शाळेचा. 'जिना' ऐकले की निघायचे. बैठकीत हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितले. आजोबा पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. मान डोलावली म्हणजे कळले, असे सगळे धरून चालले.

आणि एका दुपारी आभाळ हिरवट काळे झाले. वारा झाडांना केस धरून ओढावे तसा ओढू लागला. वीज गेली, फोन गेले. टिटवी गल्लीगल्लीतून ओरडत गेली, "जिनाऽऽ! जिनाऽऽ!" माझा पत्रा थरथरत होता, पण घरेच्या घरे बाहेर पडत होती. बाळे, म्हाताऱ्या, एक रागावलेली मांजर, सगळे शाळेच्या जिन्यावर.

फक्त एकजण नव्हते. रिक्षावाले काका निथळत परत आले. "आजोबा येत नाहीत गं! म्हणतात, मी वरच आहे. उचलायला गेलो तर हातोडी दाखवली!"

आत्या आणि टिटवी मला घेऊन धावल्या. वरच्या गल्लीत पाणी घोट्याला लागले होते. आजोबा खुर्चीत बसून, भिंतीवरून उतरवलेली घड्याळे टेबलावर मांडत होते.

"जिनाऽऽ! आजोबा, जिनाऽऽ!" टिटवी जीव तोडून ओरडली.

आजोबांनी कानांवर हात ठेवले. "ओरडू नकोस गं! शब्द कळत नाही, नुसतं घूं घूं होतं डोक्यात!"

टिटवीने मला तोंडावरून खाली घेतले. तिने माझ्याकडे पाहिले. आणि मग तिने जे केले, ते इतक्या वर्षांत कोणालाच सुचले नव्हते. तिने मला उलटे धरले. निमुळते टोक आजोबांच्या कानाशी अलगद टेकवले आणि रुंद बाजूला स्वतःचे तोंड आणले. तिथे तिला माझ्या पोटातले सूर्यफूल दिसले. ती क्षणभर थबकली, आणि आयुष्यात कधी बोलली नसेल इतक्या हळू बोलली.

"आजोबा, तुमची गल्ली नुसती नावाची वर आहे. सगळं पाणी इथंच येणार आहे. शाळेचा जिना चढायचाय. माझा हात धरून चला ना. मला तुमची फार काळजी वाटते."

आजोबांचा चेहराच बदलला. "अगं, मग हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं आजोबा," टिटवीचा आवाज ओला झाला. "ओरडून सांगितलं होतं."

आजोबा उठले. एक घड्याळ त्यांनी छातीशी धरले, एक आत्यांकडे दिले, आणि टिटवीचा हात धरून निघाले. ते जिना चढले आणि मागे वरच्या गल्लीत पाणी टेबलाच्या वर गेले. टेबलावर उरलेली घड्याळे बुडाली. आजोबा वाचले.

मित्रांनो, कर्णा या माझ्या नावातच कर्ण आहे. कर्ण म्हणजे कान! मी मात्र जन्मभर स्वतःला तोंडच समजत होतो.

आता मी शाळेच्या जिन्याजवळ खिळ्याला टांगलेला असतो, लहान मुलांचाही हात पोचेल इतक्या खाली. शिपाईमामा मला चिंचेने घासतात आणि फिनेलची बाटली लपवतात. सगळी वस्ती अजून जमते, झाडांना पाणी घालते, गटारे बघते. बैठकीत आजोबा माझे निमुळते टोक कानाला लावून बसतात आणि आता फक्त पटले तरच मान डोलावतात. बहुतेक वेळा भांडतातच!

तुमच्याही वस्तीत असा कोणी मान डोलावणारा असेल. त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ जा आणि हळू बोला. आणि माझ्यासारखे काही जुने घरात पडले असेल तर ते फेकण्याआधी एकदा उलटे धरून बघा. आत फूल असू शकते.